आवटी सिस्टरांचे एकवीस दिवस

दुपारचा एक वाजून गेला होता. कुमुदिनी आवटी सिस्टरांच्या ड्युटीचा तो सलग सतरावा तास होता, आणि मनगटावरच्या पट्टीत ब्याण्णव हा आकडा हिरवागार दिसत होता.

सांगलीतल्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात त्या वेळी अकरा काचपेट्यांत अकरा बाळं होती. चार नंबरच्या पेटीत कसबे डिग्रजच्या मगदूमांची मुलगी. वजन नऊशे वीस ग्रॅम. तिचं हृदय मध्येच सैरभैर धावायचं, आणि ते ताळ्यावर आणणारं औषध तिला दुपारी द्यायचं होतं. औषध असं, की योग्य मात्रेत ते ठोके सांभाळतं आणि जास्त झालं तर ठोकेच थांबवतं.

सिस्टरांनी पट्टी औषधांच्या कपाटासमोर धरली. कपाटाने ब्याण्णव वाचलं आणि निमूट उघडलं. त्यांनी बाटली काढली, सुई लावली, सिरिंज भरली. सत्तावीस वर्षांच्या सरावाचे हात होते ते.

शेजारच्या ओट्यावर रेश्मा मुजावर पाजायच्या वाट्या-चमचे उकळून कोरडे करत होती. तिच्या मनगटावर सत्तावन्न होतं, पिवळं. पिवळ्या आकड्याच्या सिस्टरने औषधाच्या ट्रेला बोट लावायचं नाही, असा नियम होता, आणि तिने लावलंही नाही. फक्त भिंतीवरच्या पडद्याकडे पाहून, जुन्या सवयीने, स्वतःशीच वाचावं तसं ती म्हणाली, "चार नंबर. पॉइंट झीरो एट."

जुन्या सवयीनेच सिस्टरांनी सिरिंज उजेडात धरली आणि खूण वाचून साद दिली. "पॉइंट एट."

काचपेट्यांची टिकटिक तेवढी चालू राहिली.

"ताई," रेश्मा म्हणाली. तिची नजर सिरिंजवर होती.

सिरिंजमध्ये दसपट औषध होतं. सिस्टर आणि बाळाच्या नळीत चार पावलांचं अंतर होतं.

*

पट्टी आली ती मागच्या वर्षी. त्याआधी रुग्णसेवेतल्या माणसांची कार्यक्षमता मोजायला एक प्रश्नावली असायची. उमेदीच्या काळातल्या तुमच्या क्षमतेला दहा गुण दिले, तर आज स्वतःला किती द्याल? सगळ्या सिस्टर आठ लिहायच्या. आठ लिहिलं की कुणी पुढे काही विचारत नाही, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

पट्टी मात्र कुणाला काही विचारत नसे. घामातून पाझरणारं ताणाचं संप्रेरक, कातडीखालची साखर, दोन ठोक्यांमधलं कमीजास्त होणारं अंतर आणि बोटांचा डोळ्यांना न दिसणारा कंप, एवढं सगळं ती क्षणोक्षणी टिपायची आणि त्यातून एकच आकडा काढायची, कार्यांक. त्यातली खरी हुशारी वेगळीच होती. पंचविशीतली मुलगी आणि पन्नाशीची बाई यांना एकाच गजाने मोजणं अन्यायाचं, म्हणून पट्टी माणसाची तुलना त्याच्याशीच करायची. मनगटावर बांधल्यापासून पहिले एकवीस दिवस ती नुसती शिकत राहायची. त्या दिवसांतलं तुमचं शरीर म्हणजे तुमची आधाररेषा, आणि त्या रेषेला पंचाहत्तर धरायचं. पुढे रोज तुम्ही रेषेच्या वर आहात की खाली, तेवढंच मोजायचं. ज्याने हे शोधलं त्याच्या मनात काही पाप नसावं. मोजणी न्यायाची वाटत होती.

विभागाची किमान पातळी ठरायची ती तिथल्या सर्वांत चांगल्या अंकाच्या दोन-तृतीयांशावर. आणि विभागात सर्वांत चांगला अंक होता आवटी सिस्टरांचा. बावन्न वर्षांची बाई, आणि मागच्या दिवाळीनंतर नव्वदीच्या खाली कधी आली नव्हती. वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर पाटणकर पाहुण्यांना विभाग दाखवायला आणत, तेव्हा आधी त्यांच्यापाशी थांबत. दमल्याची तक्रार करणाऱ्या तरुण मुलींना सांगत की आवटी सिस्टरांकडे बघा, मग रडा. पंच्याऐंशीच्या वर अंक असलेल्या सिस्टरला औषध एकटीने भरायची परवानगी मिळाली, तीही त्यांच्याच आकड्याच्या भरवशावर. एकीने वाचायचं आणि दुसरीने भरून पुन्हा म्हणायचं, ही विभागाची पूर्वापार रीत होती. आता तो वेळेचा अपव्यय ठरला.

रेश्मा सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेली. एकादशीला सिस्टरांची पाळी ती हलकी करायची, रमजानात रोजा सोडायच्या वेळेला सिस्टर तिच्या बाळांपाशी उभ्या राहायच्या. हे कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं. पट्टी आली तेव्हा रेश्मा दीड महिन्याच्या रजेनंतर विसावून कामावर आली होती. यंत्राने तिचे ते टवटवीत एकवीस दिवस शिकून घेतले. पुढे सासूला अर्धांगवायू झाला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. मिरजेतल्या त्या दोन खोल्यांत रेश्माची झोप तुकड्यातुकड्यांची झाली आणि आकडा सत्तावन्नवर उतरला. किमान पातळी होती एकसष्ट. माणसं अपुरी म्हणून तिला तूर्त वाट्या उकळायला ठेवलं होतं, बदलीचा कागद कधीही निघू शकत होता.

तेव्हापासून ती सिस्टरांना ताई म्हणायची बंद झाली होती. "अव्वल सिस्टर, वाट्या झाल्या उकळून," असं म्हणायची. आवाज गोडच असायचा, म्हणून जास्त लागायचं. एकदा तर सरळच म्हणाली होती की तुम्ही थोडा कमी नंबर काढत जा की, आमच्यासारख्यांनाही जगू द्या. सिस्टर हसल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, देवाची कृपा आहे. नेमधर्माचं फळ आहे. तसं त्या कुणाकडे बोलल्या नव्हत्या, पण मनात होतं खरं.

*

ती सिरिंज टाकून देऊन, दुसरी भरून, रेश्माकडून दोनदा म्हणवून घेऊन सिस्टरांनी बाळाला औषध दिलं. मग हात धुतले. बराच वेळ धुतले. आणि टेबलाशी बसून झालेल्या चुकीची नोंद करायला घेतली.

पडद्यावर नाव, वेळ, औषध भरून झालं. 'कारण' या रकान्यात यादी उघडली. लेबल अस्पष्ट होतं का, सिरिंज सदोष होती का, सहकाऱ्याचा व्यत्यय होता का. 'थकवा' हे कारण यादीत फिकट अक्षरांत होतं. त्यावर कितीही बोट दाबलं तरी उमटत नव्हतं. ब्याण्णव अंकाची बाई थकलेली असूच शकत नाही, असं यंत्राचं म्हणणं होतं. शेवटी त्यांनी रकाना रिकामा ठेवून नोंद पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तर रेश्मा कपडे न बदलता दाराशी उभी होती. दार तिच्यासाठी उघडत नव्हतं. रिकामा रकाना यंत्राने रात्रीतून स्वतःच भरला होता. संभाव्य कारण: मुजावर आर., कार्यांक सत्तावन्न, त्या वेळी औषधाच्या ट्रेपासून दोन फुटांवर, बोलत होत्या. शिफारस: नोंदणी कक्षात बदली, सोमवारपासून.

सिस्टरांनी तो निरोप दोनदा वाचला.

"मी बोलले म्हणून," रेश्मा म्हणाली. "गप्प बसले असते तर विभागातली जागा राहिली असती माझी."

"आणि मगदूमांची पोर?"

"तेच म्हणते मी. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, अव्वल सिस्टर?"

रेश्मा वळली, जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच पायरीवर बसली. खाली मान घालून फोनवर कुणाला तरी सांगत होती की अम्मीची कूस बदला, मला वेळ लागेल.

*

पट्ट्यांची देखभाल करणारा शैलेश गुरव तळमजल्यावर बसायचा. शिराळ्याकडचा होता, मृदू बोलणारा. सिस्टरांनी त्याला सांगितलं की माझं यंत्र बिघडलंय, तपास. त्याने तपासलं. बिघाड कुठेच नव्हता. तेव्हा त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, की मी सतरा तास उभी होते, डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती, आणि हा आकडा मला सांगत होता की तू ठणठणीत आहेस. मी त्याचं ऐकलं, माझ्या डोळ्यांचं ऐकलं नाही. आता बिघाड कुठे आहे ते तू शोध.

शैलेशने त्यांची आधाररेषा पडद्यावर काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"सिस्टर, मागच्या आषाढात तुम्ही आजारी होता का?"

"नाही रे. तीन जणी डेंग्यूने पडल्या होत्या, त्यांच्या पाळ्या केल्या. आजारी नव्हते."

"साखर रोज संध्याकाळी खाली जाते. रोज. झोप चार तास. बोटांचा कंप..." तो थांबला, आणि एकदम त्याने मान वर केली. "तुम्ही चातुर्मास धरता का? एकभुक्त? माझी आई धरते."

सिस्टरांनी मान हलवली. एकोणीस वर्षं झाली होती. थोरली मुलगी मेंदूज्वराने आठ दिवस बेशुद्ध होती, तेव्हा नवस बोलल्या होत्या. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी दिवसातून एकदाच जेवायचं, दुपारी. मुलगी उठून बसली, आता नागपुरात स्वतःच्या संसारात आहे. नेम चालूच राहिला. इतका अंगवळणी पडला होता, की पट्टी बांधताना 'काही विशेष आहार?' या प्रश्नाला त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. विशेष काय त्यात!

शैलेशने मग सावकाश समजावून सांगितलं. पट्टी तुमच्या मनगटावर आली ती आषाढातल्या द्वादशीला, चातुर्मास लागला त्याच दिवशी. एकवीस दिवस तिने एकवेळ जेवणारी, चार तास झोपणारी, दुहेरी पाळ्या करणारी बाई पाहिली आणि ठरवलं, की ही अशीच असते. पुढे कार्तिकात तुम्ही दोन वेळा जेवायला लागलात आणि आकडा वर गेला. आता तुम्ही कितीही दमलात तरी यंत्राला काही वाटत नाही. तुमचं दमणं त्याने तुमचा स्वभाव म्हणून लिहून ठेवलंय.

"खरा आकडा निघेल का? त्या दुपारचा?"

त्याने इतर पन्नाशीच्या सिस्टरांच्या रेषा घेऊन अंदाज बांधला. बोटं चालवताना तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. पडद्यावर एक्केचाळीस आलं.

सिस्टर त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. अकरा महिने त्या असल्या आकड्यांवर कपाट उघडत होत्या. चार नंबरचं बाळ वाचलं. अकरा महिन्यांत आणखी किती वेळा, आणि कोणी न वाचून दाखवता? त्यांनी मनातल्या मनात एकेक पेटी आठवून पाहिली आणि मध्येच थांबल्या. पुढे आठवायचा धीर होईना.

"रेषा पुन्हा घ्यायची तर?" त्यांनी विचारलं.

घेता येत होती. ज्याची त्याने लेखी मागणी करायची. जुनी रेषा रद्द झाली की तिच्यावर काढलेले सगळे अंक रद्द, नवे एकवीस दिवस पुरे होईतो विभागाची किमान पातळी स्थगित, आणि त्या पातळीवर बेतलेल्या बदल्याही स्थगित. एवढं सांगून शैलेश घुटमळला. "पण सिस्टर, खरी रेषा आली की साध्या दिवशी तुम्ही पंचाहत्तर असाल, आणि विभागाची पातळी पन्नासवर येईल. दुहेरी पाळी झाली की पन्नाशीच्या खाली. महिन्यात तीनदा खाली गेलं की विभाग सुटतो. आणि तुमच्या विभागात तीन दुहेरी पाळ्यांवाचून महिना जातो कुठे?"

सिस्टरांनी मागणी तिथेच लिहून दिली. मनगटावर तेव्हाही नव्वद होतं.

*

डॉक्टर पाटणकरांनी त्यांना बोलावून घेतलं ते आषाढी एकादशीच्या सकाळी. मागणी पुढ्यात उघडी होती. ते रागावले नाहीत. चहा मागवणार होते, मग उपवास आठवून लिंबूपाणी मागवलं. म्हणाले, तुम्ही प्रामाणिक आहात हे मला सांगायला नको. चूक झाली, पकडली गेली, बाळ सुखरूप आहे. मुजावरची बदली मी महिनाभर पुढे ढकलतो. हा कागद मागे घ्या.

सिस्टर म्हणाल्या की कागद राहू दे.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. खिडकीबाहेर टपावर भगवी पताका लावलेली रुग्णवाहिका उभी होती, चालकाने सकाळीच हार घातला होता तिला.

"ठीक आहे. नियमाने मागितलंय, नाही म्हणता येणार नाही. उद्यापासून एकवीस दिवस." त्यांचा आवाज आणखी खाली आला. "उद्या द्वादशी. तुमचा चातुर्मास सुरू होतो, नाही का?"

"हो."

"मग तुमचा नेम तुम्ही पाळालच. पाळायलाच हवा. धर्माच्या आड रुग्णालय कधी येणार नाही. शिवाय दोघी रजेवर आहेत, पाळ्या जरा जास्त पडतील. रेषा जशी यायची तशी येईल. कार्तिकात तुम्ही पुन्हा नव्वदीत. तुमचा विभाग तुमच्याकडे, आणि माझ्याकडे तुम्ही. यात खोटं काहीच नाही, सिस्टर. आहार विचारणारा रकाना मी काढून टाकायला सांगितलाय, कुणाला खोटं लिहायची पाळीच नको."

ते खरोखरच आपुलकीने बोलत होते, म्हणून सिस्टरांना जास्त भीती वाटली. सगळं पूर्वीसारखं होणार होतं. नव्वदी परत, म्हणजे एकसष्टची पातळी परत, म्हणजे रेश्मा नोंदणी कक्षात. आणि त्यासाठी त्यांनी काही करायचं नव्हतं. फक्त एकोणीस वर्षं करत आल्या तेच करायचं होतं.

त्या लिंबूपाण्याला हात न लावता उठल्या.

*

एकादशीची रात्र त्यांनी देवघरासमोर काढली नाही. काय मागायचं तेच कळेना. थोरल्या मुलीला, शांताला, नागपूरला फोन केला, ती सुखरूप आहे ना विचारलं. मुलगी हसून म्हणाली की आई, आज तिसऱ्यांदा विचारतेयस. फोन ठेवल्यावर यजमानांना त्यांनी एवढंच सांगितलं की उद्यापासून संध्याकाळचाही डबा लागेल.

दत्तात्रय आवटी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. एकोणीस वर्षांत चातुर्मासातला संध्याकाळचा डबा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. एकोणीस वर्षं पाळून आता हे काय, असं त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण मेंदूज्वराच्या त्या आठ रात्री तेही त्याच बाकड्यावर बसले होते.

"शांताला काही होणार नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण माझ्या उपासाने मोजमाप खोटं निघत असेल, आणि ते मला माहीत असून मी तो केला, तर तो मी कुणासाठी केला? देवाला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी डब्यात पोळ्या, दोडक्याची भाजी आणि एका कोपऱ्यात गुळाचा खडा होता.

*

द्वादशीच्या संध्याकाळी साडेसात वाजता आवटी सिस्टर विश्रांतीच्या खोलीत टेबलाशी बसल्या. मनगटावरच्या पट्टीत आकडाच नव्हता, एक निळा ठिपका मिचमिचत होता. पट्टी शिकत होती. दिवसभर कुठलंच कपाट त्यांच्यासाठी उघडलं नव्हतं. त्यांनी बाळांचे लंगोट बदलले, पेट्या पुसल्या, वाट्या उकळल्या. रजेवरच्या दोघींच्या पाळ्यांचा निरोप आला तेव्हा त्यांनी नकार कळवला. सत्तावीस वर्षांतला पहिला. कारण विचारलं, तर लिहिलं: 'थकवा'. या वेळी ते उमटलं.

रेश्मा पाणी प्यायला आत आली आणि डबा पाहून दाराशीच थांबली.

"संध्याकाळचं? आज तर तुमचा..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. शैलेशकडून विभागात बातमी पोचलीच होती. या एकवीस दिवसांचा अर्थ काय आणि त्यानंतर कोण राहणार, कोण जाणार, हे तिला कळत होतं.

सिस्टरांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला. हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ओठ हलत होते. नामस्मरण चाललं होतं की माफी, ते रेश्माला कळलं नाही.

ती आत आली. स्टूल ओढून समोर बसली. तिचं जेवण व्हायचं होतं असं नाही, ते झालंच होतं. तरी तिने डब्यातली अर्धी पोळी उचलून स्वतःच्या पुढ्यात घेतली.

"एकटीने नका खाऊ, ताई," ती म्हणाली. "घशाखाली उतरत नाही."

सिस्टरांनी घास तोंडात घातला. चावला. डोळे मिटले होते. गिळायला वेळ लागला, पण गिळला. मनगटावरच्या ठिपक्याने तो कुठेतरी टिपून घेतला.

मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला.